नंतर आठवण करा

मास्तरांच्या लॅपटॉपला अकरा वर्षं झाली होती आणि तो रोज सकाळी उठल्या उठल्या तक्रार करायचा. आपली सिस्टिम जुनी झाली आहे, नवी घालून घ्या, नाहीतर पुढे जे होईल त्याला आम्ही जबाबदार नाही, असा त्या निरोपाचा एकंदर सूर. खाली दोन चौकोन. एकावर 'आत्ता', दुसऱ्यावर 'नंतर आठवण करा'. मास्तर न बघता उजवीकडचा चौकोन दाबायचे, लॅपटॉप गप्प बसायचा आणि दुकान सुरू व्हायचं. असं सव्वा वर्ष चाललं होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते बूट करायचे, तेही सरसकट सगळ्यांचे नाही. ज्यांच्या दोन पायांचं एकमेकांशी पटत नाही अशांचे. एक पाय आखूड, एक लांब. एकाची टाच वळलेली, एकाची बोटं एकमेकांवर चढलेली. अशी माणसं लांबून लांबून यायची, भिंतीला लावलेल्या बाकावर बसायची आणि मोजा काढताना ओशाळायची. मास्तर पाय मांडीवर घ्यायचे आणि म्हणायचे, "छान आहे पाय. जरा हट्टी आहे, एवढंच." तेवढ्यानं माणूस सैल व्हायचं.

माप घ्यायचं काम मास्तरांचं, कापायचं आणि शिवायचं त्यांच्या बायकोचं. तिला अख्खी गल्ली मास्तरीण म्हणायची. एका खोलीत, एका खिडकीखाली, दोन स्टुलांवर बसून दोघांनी एकोणचाळीस वर्षं काढली होती. एवढ्या काळात भांडणं किती झाली याची गणती नाही, पण स्टुलं कधी हलली नाहीत.

लॅपटॉप आणला मुलीनं. त्यात पायाची मापं घातली की प्रिंटरमधून कातडं कापायचा कागदी नमुना छापून यायचा, असा एक प्रोग्राम होता. मास्तर आधी आठवडाभर रुसले आणि मग त्याच्या असे काही प्रेमात पडले की विचारू नका. चौथ्या वर्षी लॅपटॉपची बिजागरी तुटली, तेव्हा मास्तरणीनं तपकिरी कातड्याचा पट्टा शिवून ती बांधून दिली. दोन बटणं निघून पडली, तिथे कातड्याचे तुकडे चिकटवले. ते यंत्र आता बरंचसं बुटासारखंच दिसायला लागलं होतं.

माप मात्र मास्तर जुन्याच पद्धतीनं घ्यायचे. कागदाची लांब पट्टी पायाभोवती गुंडाळायची आणि जिथे टोक जुळेल तिथे नखानं छोटी खाच फाडायची. चवड्याची एक, वरच्या उंचवट्याची एक, घोट्याची एक. मग ती पट्टी फूटपट्टीवर धरून आकडे लॅपटॉपमध्ये टाकायचे. यंत्र आलं तसं मास्तरांनी फर्मान काढलं, की आकडे आत गेले की पट्ट्या फेकून द्यायच्या, पसारा नको. मास्तरीण "बरं" म्हणाली आणि रोज संध्याकाळी पट्ट्या टोपलीतून उचलून, वर गिऱ्हाइकाचं नाव लिहून, बिस्किटांच्या मोठ्या डब्यात ठेवायला लागली. नवऱ्याचा शब्द मोडायचा नाही आणि ऐकायचाही नाही, ही कला तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी साधली होती. आता तसे सहा डबे झाले होते.

आठ महिन्यांपूर्वी मास्तर तिच्याकडे तिरके बघायला लागले. बोलायचे तिच्याशी, नजर मात्र तिच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी. आधी तिला वाटलं रागावलेत. मग वाटलं मागे कोणी उभं आहे. दोनदा तिनं वळूनही पाहिलं. शेवटी एक दिवस कोट धुवायला टाकताना खिशात डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद सापडला. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत चालला आहे, चष्म्याचा उपयोग नाही, कडेकडेचं मात्र दिसत राहील, असं त्यात लिहिलं होतं. मास्तर एकटेच जाऊन आले होते. तिला म्हणाले होते, खिळे आणायला जातो.

तिनं कागद होता तसाच घडी घालून परत खिशात ठेवला आणि कोट न धुताच खुंटीला लावला. मग स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडून घेतलं.

ती का बोलली नाही, हे सांगायला हवं. मास्तर तरुणपणापासून एक वाक्य बोलत आले होते. "ज्या दिवशी माझ्या मापानं कुणाचा पाय दुखेल, त्या दिवशी मी या स्टुलावरून उठेन, परत बसणार नाही." गिऱ्हाइकांपुढे बोलायचे, पाहुण्यांपुढे बोलायचे, मुलीच्या लग्नातसुद्धा बोलले होते. आणि मास्तर बोलले की करणारे. एकदा चहाला चव नाही म्हणाले तर तीन वर्षं चहा प्यायले नव्हते. स्टूल सोडलेले मास्तर आतल्या खोलीत खाटेवर पडून छताकडे बघत राहतील आणि आपल्या शेजारचं स्टूल रिकामं असेल, हे चित्र तिला सहन होत नव्हतं. म्हणून मग ती तोंड मिटून कामाला लागली.

काम असं. जेवणानंतर मास्तर आत जाऊन तासभर झोपायचे. ती दुकानातच चटई टाकून पडायची. पडायची कसली! मास्तरांचा घोरण्याचा आवाज आला की उठून ती बिस्किटांचा डबा काढायची, आदल्या दिवशीच्या पट्ट्या छापील नमुन्यांवर धरायची आणि जिथे फरक पडेल तिथे पेन्सिलीनं नवी रेघ मारायची. पडद्यावर इंग्रजी तीनचा आठ होत होता, सहाचं शून्य होत होतं. आठवड्यातून चार-पाच चुका निघायच्या. तिच्या लक्षात आलं, की पट्ट्यांवरच्या खाचाही बदलल्या आहेत. पूर्वी नखाएवढ्या बारीक असायच्या, आता चांगल्या खोल, अर्ध्या पट्टीपर्यंत फाटलेल्या. बोटांतला नेमकेपणाही चाललाय म्हणायचा, असं तिला वाटलं. पण एक खरं, खोल खाचा तिला दिसायला बऱ्या पडत होत्या.

एका दुपारी ती वायरमामांकडे गेली. वायरमामा म्हणजे कोपऱ्यावरचे दुरुस्तीवाले. साठीचे, अंगावर सदैव कुठली तरी वायर लोंबत असलेले.

"मामा, आमच्या लॅपटॉपला नवी सिस्टिम घालायची का हो? रोज मागतोय."

"घालता येईल. मेमरी वाढवावी लागेल, आतली डिस्क बदलावी लागेल. एक पायरी चढेल तो, दोन नाही चढणार. पण वहिनी, तुमचा तो बुटांचा प्रोग्राम मग चालायचा नाही. बनवणारी कंपनीच राहिली नाही. आणि एकदा वर चढवलं की खाली उतरता येत नाही, हे आधीच सांगतो."

"मग फायदा काय?"

"फायदे काय, पन्नास आहेत." मामांनी आपलं यंत्र तिच्याकडे वळवलं आणि एक बटण दाबलं. यंत्र मराठीत बोलायला लागलं. पडद्यावर असेल ते एक बाई वाचून दाखवत होती. "हे बघा. तुम्ही डोळे मिटून बसा, ही सगळं वाचते. आकडा टाकलात की तो आकडा बोलते. चुकलं की लगेच कळतं."

मास्तरीण बराच वेळ ऐकत राहिली.

"कुणासाठी हवंय, वहिनी?" मामांनी हळूच विचारलं.

"लॅपटॉपसाठी," ती म्हणाली आणि घरी आली.

त्या दिवसापासून घरात सिस्टिमवरून खटके उडायला लागले. ती म्हणायची, घालूया. ते म्हणायचे, काय अडलंय? ती म्हणायची, जग पुढे गेलं. ते म्हणायचे, जाऊ दे, आपण कुठे त्याच्या मागे लागलोय. ती म्हणायची, प्रोग्राम गेला तर मी हातानं नमुने काढीन, अठ्ठावीस वर्षं काढलेच ना. ते म्हणायचे, म्हणजे तुझ्या मानेचं मातेरं. दोघंही लॅपटॉपबद्दल बोलत होते आणि दोघांच्याही मनात लॅपटॉप नव्हता. खरं कारण सांगायचं तर तिला कागद वाचल्याचं कबूल करावं लागलं असतं. आणि मास्तरांना या जुन्या पडद्यावर कुठे काय आहे ते पाठ होतं. नव्या पडद्यापुढे बसले असते तर पाच मिनिटांत सगळं उघड झालं असतं. फोनवर मुलगी वैतागून म्हणाली, "आई, बाबा, तुम्ही माझ्या लग्नाचं याच्या निम्म्या वेळात ठरवलं होतंत."

आणि मग पोस्टमनबाई आल्या.

पोस्टमनबाई दारोदार पत्रं वाटायच्या, दिवसाला आठ-नऊ मैल. डावा पाय आखूड म्हणून त्यांच्या डाव्या बुटाच्या टाचेखाली तेरा मिलिमीटरचा थर घालावा लागायचा. या वेळी मास्तरांनी जुनी नोंद पडद्यावर बघून मास्तरणीला सांगितलं, "अठरा." थराची कागदी पट्टी नसते. तो आकडा फक्त लॅपटॉपमध्ये होता आणि लॅपटॉप फक्त मास्तर वाचायचे. तिनं अठराचा थर लावला. दोन आठवड्यांनी पोस्टमनबाई लंगडत आल्या, बाकावर बसल्या आणि जणू त्यांचीच चूक असावी अशा आवाजात म्हणाल्या, "मास्तर, माझंच काहीतरी बदललंय बहुतेक. कंबर फार दुखते हो."

मास्तरांनी बूट हातात घेतला. टाचेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. त्यांच्या बोटांना कळलं. चेहरा असा उतरला की मास्तरणीला बघवेना. ते स्टुलावरून उठायला लागले. खरोखरच उठायला लागले, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून.

अर्धवट उठलेले मास्तर तसेच थांबले, आणि मग, का कोण जाणे, पुन्हा बसले आणि म्हणाले, "लॅपटॉप म्हातारा झालाय. आकडे चुकीचे दाखवतो."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की लहान मुलासारखा दिसतो. पण मास्तरणीनं ती संधी घट्ट पकडली.

"मग झालं तर! मी काय वेगळं सांगतेय? उद्याच वायरमामांना बोलावते."

मास्तरांची पंचाईत झाली. आता नाही म्हणायचं तर लॅपटॉप निर्दोष आहे असं म्हणावं लागलं असतं. आपल्याच शब्दात ते असे अडकले की पोस्टमनबाईंनाही काहीतरी गंमत चालली आहे असा वास आला. मास्तरणीनं पोस्टमनबाईंचा दुकानातच राहिलेला जुना बूट पेटीतून काढून थर मोजला, तेरा, आणि त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी यायला सांगितलं.

वायरमामा सकाळीच आले. आधी त्यांनी प्रोग्राममधली सगळी नोंद साध्या फाइलमध्ये काढून ठेवली. "नमुने गेले, पण मापं आणि शेरे राहतील," ते म्हणाले.

"शेरे कसले?" मास्तरणीनं विचारलं.

"असतात काहीबाही," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "ते नाही ठेवले तरी चालतील."

"राहू द्या हो, जागा कितीशी लागते," मामा म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉपची पाठ उघडली.

मग ते टक्क्यांचं सुरू झालं. बारा टक्के, तेरा टक्के, मग पाऊण तास तेराच टक्के. मामा मध्येच जाऊन दोन पंखे दुरुस्त करून आले. मास्तर आणि मास्तरीण आपापल्या स्टुलांवर हात बांधून बसले होते. कातड्याच्या पट्ट्यानं बांधलेलं ते झाकण मधूनच काळं व्हायचं, तेव्हा मास्तर पट्ट्यावरून बोट फिरवायचे. "जाईल का गं?" त्यांनी एकदा विचारलं. "नाही जात," ती म्हणाली. जेवण झालं, पण दोघंही पडायला गेले नाहीत.

दुपारी अडीचला पडदा उजळला. मामांनी अक्षरं मोठी केली, बाईचा आवाज चालू केला, मापांची फाइल उघडून दिली आणि म्हणाले, "मास्तर, हे बटण दाबलं की वाचेल, परत दाबलं की थांबेल. तासाभरात डोकावतो." आणि वायरी गोळा करून गेले.

मास्तरांनी चाचपडत बटण दाबलं.

"क्रमांक एक," बाई म्हणाली. "नाव, घरची."

मास्तरीण दचकली. अकरा वर्षांपूर्वी, यंत्र नवं असताना, मास्तरांनी पहिलं माप तिच्याच पायाचं घेतलं होतं. ती पार विसरली होती.

"डावा चवडा दोनशे अठ्ठावीस. उजवा चवडा दोनशे एकतीस. शेरा. घाईत चालते. टाच बाहेरून झिजते."

"बंद करतो," मास्तर म्हणाले आणि बटण शोधायला लागले. पडद्यावरचं सगळं जागेवरून हललं होतं आणि बोटाखाली भलतंच बटण येत होतं. बाई थांबायला तयार नव्हती. तिला पूर्णविराम ठाऊक नव्हते, सगळं एका सुरात वाचत चालली होती.

"शेरा. उजव्या अंगठ्याचं हाड वाढतंय. विचारलं तर नाही म्हणते. आतून मऊ अस्तर लावणे. न सांगता. शेरा. अस्तर बदलणे. कळलं नाही तिला. शेरा. मुलगी सासरी गेल्यापासून हळू चालते. टाच झिजत नाही."

मास्तरणीनं आपल्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं. एवढी वर्षं तिला वाटत होतं, की आपल्या चपला वापरून वापरून मऊ होतात.

"शेरा. डबा काढते. दुपारी माझी मापं तपासते. कागद वाचला असणार. पट्टीच्या खाचा खोल फाडणे. तिचा चष्मा जुना झालाय. बारीक खाच दिसत नाही तिला. क्रमांक दोन. नाव..."

बटण सापडलं.

मास्तर खाली बघत होते. मास्तरणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तिला त्याची लाजही वाटत नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कसं? तुम्ही तर घोरत असायचा."

"मी घोरायचो. तू नाही घोरायचीस." मास्तर म्हणाले. "एकोणचाळीस वर्षं दुपारी भिंत हलेल अशी घोरलीस. एक दिवस आवाजच नाही. मला वाटलं तुला काहीतरी झालं. येऊन दारातून बघतो तर तू वाकून पट्ट्या लावतेयस. मग रोज पडल्या पडल्या खोटंच घोरायला लागलो. तू उठशील म्हणून."

"आणि सांगितलं नाहीत?"

"तू सांगितलंस?"

तिला हसू आलं, आणि त्या हसण्यात रडण्याचा एक हुंदका निघाला, त्याचा भलताच आवाज झाला. मास्तरही हसले. मग तिनं डोळे पुसले. अजून एक गोष्ट विचारायची राहिली होती आणि ती विचारल्याशिवाय सुटका नव्हती.

"काल तुमच्या मापानं पाय दुखला," ती म्हणाली. "तुम्ही उठत होतात."

"उठत होतो."

"मग बसलात का?"

मास्तरांनी मान वर केली. नजर तिच्या कानाच्या पलीकडे खिडकीवर.

"उठून जाणार कुठे? आतल्या खोलीत. तिथून तू दिसत नाहीस."

"इथून तरी कुठे दिसते?"

"दिसतेस की," मास्तर म्हणाले. "जरा तिरकी दिसतेस. पण दिसतेस."

ती उठली, भिंतीवरच्या कोनाड्यातून कागदाची गुंडाळी घेतली, एक लांब पट्टी फाडली आणि त्यांच्या हातात दिली. मग आपलं स्टूल ओढून त्यांच्या समोर आणलं. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा ते स्टूल हललं. चप्पल काढून तिनं उजवा पाय त्यांच्या मांडीवर ठेवला.

"घ्या माप. अकरा वर्षांपूर्वीचं आहे ते. आणि अंगठा दुखतो. खूप दुखतो."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "छान आहे पाय. जरा हट्टी आहे, एवढंच."

त्यांनी पट्टी गुंडाळली, टोक जुळवलं आणि खाच फाडली. फूटपट्टीवर धरून तिनं आकडा वाचला. मास्तरांनी कातडं चिकटवलेल्या बटणांवरून बोटं फिरवत तो टाकला.

"दोनशे अडतीस," बाई म्हणाली.

"तेहतीस," मास्तरीण म्हणाली.

मास्तरांनी खोडलं आणि पुन्हा टाकलं.

"दोनशे तेहतीस," बाई म्हणाली.

"बरोबर," मास्तर म्हणाले. आठ महिन्यांत त्यांच्या तोंडून हा शब्द तिनं ऐकला नव्हता. ते ताठ बसले आणि त्यांनी दुसरी पट्टी मागितली.

तेवढ्यात दारावर पोस्टमनबाई आल्या. मास्तरणीचा पाय मास्तरांच्या मांडीवर, दोघांचेही डोळे लाल, हे बघून त्या दारातच थबकल्या.

"मी नंतर येऊ का?"

"या, या," मास्तर म्हणाले. "बसा. आधी घरचीचं होऊ दे, मग तुमचं. आणि त्या टाचेची चूक लॅपटॉपची नव्हती बरं का. माझी होती. मला तीन आणि आठ नीट दिसत नाहीत. आता ही बोलून दाखवणार आहे."

"ही म्हणजे कोण?" पोस्टमनबाईंनी एकदा लॅपटॉपकडे आणि एकदा मास्तरणीकडे पाहत विचारलं.

"दोघी," मास्तर म्हणाले आणि पट्टी डाव्या पायाभोवती गुंडाळायला लागले.